पहिला क्रमांक कशाचा?

धान खरेदी केंद्रावर काटा करण्याआधी धानातला ओलावा तपासला जातो. तो १७ टक्क्यांपेक्षा जास्त निघाला की धान पुन्हा वाळवून आणायला सांगतात. गोंदिया जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हा आकडा तोंडपाठ असतो आणि हा आकडा काय सांगत नाही, हेही त्याला पक्के ठाऊक असते. ओलावा १४ टक्के आला म्हणून तांदूळ सुवासिक ठरत नाही, की त्याचे वाण कळत नाही. यंत्र एकच गोष्ट मोजते. बाकीचे पारखायला वेगळी नजर लागते.

इंटरनेटवरचे आकडे वाचताना मात्र हीच समज हातून सुटते. ‘गुगलवर पहिल्या नंबरला आहे’ हे वाक्य आज प्रमाणपत्रासारखे वापरले जाते. दवाखान्याच्या जाहिरातीत, क्लासच्या पत्रकात, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या औषधाच्या मजकुरात ते सर्रास दिसते. कुणी आपल्या संकेतस्थळाला शंभरपैकी अमुक गुण असल्याचे सांगतो, कुणी देशात तमुक क्रमांक असल्याचे. ऐकणारा मान डोलावतो, कारण शाळेपासून त्याच्या मनावर एकच गोष्ट बिंबलेली असते: ज्याला जास्त गुण, तो हुशार, पहिला आला, तो सर्वांत चांगला. लोकप्रियतेच्या आकड्याला ही शाळेची पट्टी लावणे चूक आहे, आणि आरोग्याच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतू शकते.

गोंदियापुरता विचार केला तर याची झळ सिकलसेलच्या रुग्णांना सर्वाधिक बसू शकते. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पूर्व विदर्भाच्या पट्ट्यात हा रक्ताचा आनुवंशिक आजार अनेक घरांत आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच काय तो बदल. पण त्यामुळे ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग असह्य वेदना, वारंवार होणारा जंतुसंसर्ग आणि रक्तक्षय मागे लागतो. भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ मध्ये झाली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. १७ राज्यांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे.

या आजारावर रोज घ्यायची औषधे आहेत. हायड्रॉक्सीयुरियामुळे वेदनेचे झटके कमी होतात. फॉलिक आम्ल, वेळेवर लसीकरण, भरपूर पाणी आणि गरजेप्रमाणे रक्त, एवढ्यावर अनेक रुग्ण शिक्षण आणि नोकरी करत संसारही सांभाळतात. आजार मुळापासून घालवायचा तर जुळणाऱ्या दात्याकडून अस्थिमज्जा प्रत्यारोपण करावे लागते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने जनुक-संपादनावर आधारलेल्या उपचाराला मान्यता दिली, पण अमेरिकेत त्याची जाहीर किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर आहे. यापलीकडे ‘तीन महिन्यांत मुळापासून बरा’ असा दावा कुणी करत असेल तर त्याला विज्ञानाचा आधार नाही.

आता देवरी किंवा सालेकसा तालुक्यातल्या एखाद्या घराची कल्पना करावी. मुलाच्या रक्ततपासणीत ‘एसएस’ असा निकाल आला आहे. ग्रामीण रुग्णालयात समुपदेशन झाले, गोळ्याही मिळाल्या, पण मन थाऱ्यावर नाही. रात्री घरातला शिकलेला काका मोबाइलवर ‘सिकलसेलवर कायमचा इलाज’ असे शोधतो. सर्वांत वर जे दिसते त्यावर त्याचा विश्वास बसतो. कदाचित त्यावर ‘प्रायोजित’ असे बारीक अक्षरात लिहिलेले असते, म्हणजे ती जागा पैसे देऊन घेतलेली असते. ‘गुगलनेच सांगितले’ असे समजून घरच्यांनी हायड्रॉक्सीयुरिया थांबवले, तर त्याची किंमत मुलाचे शरीर मोजते. सर्च इंजिन इथे खोटे बोललेले नसते. त्याने एका प्रश्नाचे उत्तर दिलेले असते आणि वाचणाऱ्याने ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर समजलेले असते.

तो मूळ प्रश्न कोणता होता, हे कळायला थोडे मागे जावे लागते. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोघांनी पानांना क्रम लावण्याची एक पद्धत मांडली. पेज यांच्या नावावरून तिला ‘पेजरँक’ म्हणतात. कल्पना साधी होती. एका पानाने दुसऱ्या पानाची लिंक दिली की ते एक मत मानायचे. पण सगळी मते सारखी धरायची नाहीत. ज्या पानाला स्वतःलाच पुष्कळ मते आहेत, त्याच्या मताचे वजन जास्त. गावात कुणाची ओळख सरपंचाने करून दिली आणि कुणाची वाटसरूने, यात जसा फरक पडतो, तसाच हा.

गणिताच्या भाषेत ते असे: एक काल्पनिक भटक्या एका पानावरून दुसऱ्या पानावर लिंक दाबत फिरत राहतो. मूळ मांडणीनुसार १०० पैकी साधारण ८५ वेळा तो समोरची एखादी लिंक दाबतो आणि १५ वेळा कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो. असे अनंत काळ फिरताना तो कोणत्या पानावर किती वेळा सापडेल, ते प्रमाण म्हणजे त्या पानाचा पेजरँक. या भटक्याला वाचता येत नाही, हे इथे लक्षात ठेवायला हवे. पानावर वैद्यकीय सल्ला आहे की थापा, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. रस्ते जिकडे जास्त, तिकडे तो जास्त वेळा पोहोचतो, इतकेच.

डिसेंबर २००० मध्ये गुगलने ब्राउझरसाठी एक टूलबार आणला. त्यात प्रत्येक पानासाठी ० ते १० असा हिरव्या पट्टीचा आकडा दिसू लागला आणि गैरसमजांची सुरुवात झाली. लोकांनी तो दहापैकी गुण म्हणून वाचला. पाच म्हणजे निम्मे, सहा म्हणजे पाचापेक्षा थोडे बरे. प्रत्यक्षात ती पट्टी सरळ मोजमापाची नव्हती, असे जाणकारांनी वारंवार सांगितले आणि तिची पायरी नेमकी केवढी, हे गुगलने कधीच जाहीर केले नाही. महाराष्ट्राला अशी पट्टी नवी नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला झालेला भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. ५.२ चा भूकंप त्याच्यापेक्षा ‘थोडा लहान’ नसतो. त्यात जमिनीचे हेलकावे दहापट कमी असतात. पायरीचा अर्थ न कळता आकड्यांची वजाबाकी करणे निरर्थक असते.

दुसरा गैरसमज काळाचा. टूलबारवरचा आकडा रोज बदलत नसे, काही महिन्यांनी एकदा अद्ययावत होई. डिसेंबर २०१३ नंतर तो अद्ययावत झालाच नाही आणि २०१६ मध्ये गुगलने तो दाखवणे बंद केले. म्हणजे शेवटची दोन वर्षे लोक शिळ्या आकड्यावर बढाया मारत होते आणि त्याच्या आधारे लिंकांची खरेदी-विक्रीही चालू होती. आज ‘आमचा पेजरँक इतका’ असे कुणी सांगत असेल, तर तो आकडा गुगलने दाखवलेला नाही. त्याच्या जागी खासगी कंपन्यांचे शंभरपैकी गुण आले आहेत. मॉझ या कंपनीचा ‘डोमेन ऑथॉरिटी’ हा त्यातला प्रसिद्ध आकडा. तो त्या कंपनीचा स्वतःचा अंदाज आहे. क्रम लावताना गुगल तो वापरत नाही. तरीही त्या गुणांचे चित्र दाखवून संकेतस्थळे बनवणारे गिऱ्हाईक पटवतात, कारण ‘ऑथॉरिटी’ या शब्दातून अधिकाराचा वास येतो.

तिसरा गैरसमज नमुन्याचा. अलेक्सा नावाची कंपनी १९९६ मध्ये स्थापन झाली, १९९९ मध्ये अॅमेझॉनने ती घेतली आणि १ मे २०२२ रोजी तिची क्रमवारी बंद झाली. दोन दशके ‘अलेक्सा रँक’ हा लोकप्रियतेचा जागतिक निकाल मानला जात होता. पण तो प्रामुख्याने ज्यांनी आपल्या संगणकावर ठरावीक जोडणी बसवली होती, त्यांच्या वावरावर उभा होता. अर्जुनी मोरगावातला मोबाइलवर मराठी मजकूर वाचणारा माणूस त्या हिशेबात जवळजवळ नव्हताच. एक लाखाच्या पलीकडच्या क्रमांकावर फारसा भरवसा ठेवू नये, असे ती कंपनी स्वतः सांगत असे. तरी कुणाचा क्रमांक तीन लाखांवरून अडीच लाखांवर आला की पेढे वाटले जात.

चौथा गैरसमज सर्वांत महत्त्वाचा. मत स्तुतीचे की निंदेचे, हे मोजणीला कळत नाही. विज्ञानाच्या जगात हा धडा जुना आहे. पेजरँकच्या मागची कल्पनाही शोधनिबंधांच्या संदर्भमोजणीतूनच आली. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा निबंध आला. तो चुकीचा ठरला आणि २०१० मध्ये मागे घेतला गेला. तरीही सर्वाधिक संदर्भ दिल्या गेलेल्या मागे घेतलेल्या निबंधांत तो मोडतो. त्यातले पुष्कळ संदर्भ त्याच्यावर टीका करण्यासाठी दिलेले आहेत. नुसता आकडा पाहणाऱ्याला तो थोर निबंध वाटेल.

इंटरनेटवरही हेच. टीका करण्यासाठी लिंक दिली तरी मत पडतेच, ही अडचण ओळखून जानेवारी २००५ मध्ये सर्च इंजिनांनी एक खूण आणली. ती लावली की ‘ही लिंक मत म्हणून धरू नये’ असा अर्थ होतो. पण ती खूण लावायची की नाही, हे लिहिणाऱ्याच्या हाती. २०१० मध्ये अमेरिकेत चष्मे विकणाऱ्या एका संकेतस्थळाच्या मालकाने तर गिऱ्हाइकांच्या तक्रारींमुळेच आपण वर येतो, असा दावा वर्तमानपत्राकडे केला. तो कितपत खरा, यावर वाद झाला. पण त्यानंतर गुगलने आपल्या पद्धतीत बदल केल्याचे जाहीर केले. गावात ज्याच्या नावाची चर्चा सर्वाधिक, तो गावातला सर्वांत भला माणूस असतोच असे नाही. हे चावडीवर बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते.

आजचे सर्च इंजिन निव्वळ लिंका मोजत नाही, हे मान्य करायला हवे. मजकूर, भाषा, शोधणाऱ्याचे ठिकाण, पानाची ताजेपणा अशा असंख्य गोष्टी त्यात येतात. आरोग्य आणि पैशाच्या विषयांत विश्वासार्ह स्रोत वर यावेत, असा प्रयत्न गुगल करते. त्यासाठी माणसांकडून निकालांची पारख करून घेते. त्याचा फायदाही दिसतो. पण ही सुधारणा भाषेप्रमाणे असमान पडते. इंग्रजीत सिकलसेलवर विद्यापीठांची, रुग्णालयांची, शासकीय संस्थांची हजारो पाने आहेत, त्यांच्यातून निवड करता येते. मराठीत अशी पाने मोजकी. जिथे चांगली पानेच थोडी, तिथे सर्वांत वर येणारे पान चांगले असेलच याची खात्री कोणतेही गणित देऊ शकत नाही. दहा उमेदवारांतला पहिला आणि दोघांतला पहिला, यांच्या पहिलेपणात फरक असतो.

लोकप्रियतेच्या आकड्यांचा आणखी एक वापर आरोग्याशी थेट जोडलेला आहे. ‘गुगल ट्रेंड्स’ एखादा शब्द किती शोधला जातो हे ० ते १०० मध्ये दाखवते. इथे १०० म्हणजे शंभर शोध नव्हेत, शंभर टक्केही नव्हेत. निवडलेल्या काळात किंवा प्रदेशांत जिथे त्या शब्दाचा वाटा सर्वाधिक, तिथे १०० आणि बाकीचे त्याच्या प्रमाणात. समजा, एका छोट्या गावात एकूण १,००० शोध झाले आणि त्यातले ५० सिकलसेलचे, म्हणजे ५ टक्के. एका शहरात १,००,००० शोध झाले आणि त्यातले १,००० सिकलसेलचे, म्हणजे १ टक्का. ट्रेंड्सवर गावाला १०० मिळतील आणि शहराला २०. शहरात वीसपट लोकांनी शोधले असूनही नकाशावर गाव गडद दिसेल. आणि ० आला तर तिथे कुणी शोधलेच नाही असे नसते. मोजण्यापुरता मजकूर मिळाला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या आकड्यावरून आजाराचा अंदाज बांधण्याचा मोठा प्रयोग होऊन गेला आहे. २००८ मध्ये गुगलने ‘फ्लू ट्रेंड्स’ सुरू केले. ताप-खोकल्याविषयीच्या शोधांवरून फ्लूची साथ सरकारी आकडेवारीच्या आधी ओळखायची, अशी त्याची उमेद. २००९ च्या स्वाइन फ्लूची पहिली लाट त्याला नीट पकडता आली नाही. पुढे २०१२-१३ च्या हंगामात त्याने फ्लू प्रत्यक्षापेक्षा जवळपास दुप्पट दाखवला. २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या विश्लेषणानुसार ऑगस्ट २०११ पासूनच्या १०८ आठवड्यांपैकी १०० आठवडे त्याचा अंदाज जास्तच निघाला. २०१५ मध्ये ते बंद झाले. बातम्यांनी घाबरलेले निरोगी लोकही शोधत होते आणि यंत्र त्यांची भीती आजार म्हणून मोजत होते.

गोंदियात हे तसेच लागू पडते. १९ जून या जागतिक सिकलसेल दिनाच्या आसपास शोध वाढले, म्हणून आजार वाढलेला नसतो. उलट सालेकसा-देवरीच्या ज्या पाड्यांत नेटवर्क धड नाही, जिथे घरात गोंडी किंवा छत्तीसगढी बोलली जाते, तिथले रुग्ण या आकड्यात उमटणारच नाहीत. त्यांची खरी मोजणी आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन करते, बोटातून रक्ताचा थेंब घेऊन. ती मोजणी संथ असते, महागही असते, पण तिथे माणूस मोजला जातो. शोधांच्या आकड्यावर विसंबून कुठे शिबिर घ्यायचे हे ठरवले, तर ज्यांना सर्वाधिक गरज आहे तेच यादीतून गळतील.

याची दुसरी बाजूही तेवढीच खरी. कमी आकडा म्हणजे कमी किमतीचा मजकूर, असे मुळीच नाही. आई-वडील दोघेही सिकलसेलचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी होण्याची २५ टक्के असते. लग्न ठरवण्याआधी तरुणांनी ऐकावी अशी ही सर्वांत उपयोगी माहिती. प्राथमिक आरोग्य केंद्रातला समुपदेशक ती कागदावर चौकोन काढून पाच मिनिटांत समजावतो. त्या कागदाला कोणी लिंक देत नाही, त्याचा पेजरँक शून्य. आरोग्य विभागाची मराठी माहितीपत्रके अनेकदा स्कॅन केलेल्या चित्राच्या रूपात संकेतस्थळांच्या कोपऱ्यात पडलेली असतात. ती नीट टंकित मजकुरात ठेवली, शाळा-महाविद्यालयांनी आणि ग्रामपंचायतींनी आपल्या संकेतस्थळांवरून त्यांच्या लिंका दिल्या, तर तोच भटक्या त्यांच्यापर्यंतही पोहोचेल. चांगल्या मजकुराने मोजणीच्या खेळातून अंग काढून घेतले की मैदान थापाड्यांना मोकळे मिळते.

म्हणून प्रत्येक आकड्यासमोर चार प्रश्न विचारण्याची सवय लावायला हवी. हा आकडा नेमके काय मोजतो? कुणाची मोजणी केली आहे आणि कोण सुटले आहे? पट्टी कशी आहे, आणि आकडा कधीचा आहे? तो दाखवणाऱ्याचा त्यात फायदा काय? आरोग्याच्या पानाबाबत आणखी तीन गोष्टी पाहाव्यात: लिहिणाऱ्याचे नाव आणि पात्रता, तारीख, आणि शेवटी काही विकायला ठेवले आहे का. ठरावीक आजारांवर चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा देशात १९५४ पासून आहे. ‘हमखास’, ‘मुळापासून’, ‘दुष्परिणाम नाहीत’ हे तीन शब्द एकत्र दिसले की क्रमांक कितीही वरचा असो, मोबाइल खाली ठेवावा.

यासाठी वेगळ्या तंत्रज्ञानाची गरज नाही. नववी-दहावीच्या वर्गात टक्केवारी आणि प्रमाण शिकवतानाच ट्रेंड्सचा एक नकाशा फळ्यावर उतरवता येईल. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले विद्यार्थी गावभेटीला जातात, तेव्हा सिकलसेलसोबत ‘पहिले पान म्हणजे खरे पान नव्हे’ हेही सांगू शकतील. आणि हायड्रॉक्सीयुरिया थांबवण्याचा विचार मनात आला, तर तो प्रश्न आधी रुग्णालयातल्या डॉक्टरांपुढे ठेवावा. त्यांना त्या मुलाचे रक्त माहीत असते. सर्च इंजिनला फक्त रस्ते माहीत असतात.